कंबरेची सुतळी

आमच्या वडनेरात माणूस बारीक असला की लोक म्हणतात, "याला काय धाड भरणार!" पण हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसेही आपण पाहतोच ना? धोका त्यांनाही आहे.

२००४ साली दोन डॉक्टरांनी स्वतःच्याच अंगाची तपासणी छापली. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. पण युडकिनांच्या अंगात १०० भागांत ९ भाग चरबी, याज्ञिकांच्या २१ भाग! युडकिन मॅरेथॉन धावत. याज्ञिकांचं धावणं रुग्णालयाची लिफ्ट गाठण्यापुरतं. हे त्यांनीच गमतीने लिहिले. जन्मतः त्यांचे वजनही कमी होते.

म्हणून नुसता वजनकाटा पुरत नाही. पोटातली चरबी आतडी-यकृताभोवती साचते, त्यातून मधुमेह जडू शकतो.

सुतळी घ्या. टाचेपासून डोक्यापर्यंत मापून तोडा. मधोमध दुमडा. श्वास सोडून ती दुहेरी सुतळी बेंबीवरून कंबरेभोवती फिरवा. टोके जुळली नाहीत, तर पोट वाढले समजा. गरोदर बायांना हे माप लागू नाही.

पट्टा बांधून, तेल चोळून पोट उतरत नाही. उपाशी राहणे आम्हाला पसंत नाही. माणूस रात्री दुप्पट जेवतो. भाकर एक कमी, वरण-भाजी जास्त. चहात साखर अर्धी. मधुमेहाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. रोज अर्धा तास भरभर चाला. हमरस्त्याने नको, पांदणीने. तीन महिन्यांनी तीच सुतळी पुन्हा लावून पाहा.