दररोजची जपमाळ आणि दररोजचे प्रायश्चित्त



ऑक्टोबर महिना आला की आपल्या गावातील क्रुसांजवळ संध्याकाळी जपमाळेचा घोष सुरू होतो. एरवी ज्या घरांतून त्या वेळी फक्त मालिकांचे आवाज ऐकू येतात, त्या घरांतील माणसेसुद्धा या दिवसांत हातात माळ घेऊन क्रुसाकडे येतात. मुले मेणबत्त्या लावतात, कुणीतरी शेवटी चणे किंवा बिस्किटे वाटतो. ही आपल्या वाडवडिलांनी जपलेली मोठी ठेव आहे आणि ती टिकून आहे याबद्दल आपण देवाचे आभारच मानले पाहिजेत.

पण जपमाळेच्या जोडीला पवित्र मारियेने जी दुसरी गोष्ट मागितली आहे, तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे प्रायश्चित्त. १८५८ साली लुर्ड्स येथे बर्नादेतला दर्शन झाले तेव्हा मातेच्या हातात जपमाळ होती आणि २४ फेब्रुवारीच्या दर्शनात 'प्रायश्चित्त' हा एकच शब्द तिने तीनदा उच्चारला. १९१७ साली पोर्तुगालमधील फातिमा येथेही तिने या दोन्ही गोष्टी बरोबरच मागितल्या. आपण मात्र त्यातली एक उचलली आणि दुसरी प्रायश्चित्तकाळासाठी राखून ठेवली! म्हणून या रविवारी फातिमाच्या तीन मुलांकडून आपण थोडे शिकू या.

लुसिया दहा वर्षांची, तिचा आतेभाऊ फ्रान्सिस्को आठ वर्षांचा आणि त्याची बहीण जासिंता सात वर्षांची. आल्जुस्त्रेल नावाच्या छोट्या वाडीत राहणारी, मेंढरे राखणारी ही मुले. पहिले महायुद्ध पेटलेले होते आणि १९१६ पासून पोर्तुगालही त्यात उतरला होता. दुपारची भाकरी खाल्ल्यावर जपमाळ म्हणायची, असे घरच्यांनी मुलांना बजावले होते. मुले ती म्हणतही असत. पण त्यांनी एक युक्ती काढली होती. प्रत्येक मण्यावर पूर्ण प्रार्थना म्हणण्याऐवजी 'नमो मारिया, नमो मारिया' एवढे दोनच शब्द म्हणत ती भराभर मणी सरकवत आणि दशक संपले की 'हे आमच्या बापा' एवढेच म्हणून पुढे जात. पाच दशके हां हां म्हणता संपत आणि खेळायला रान मोकळे! हे लुसियानेच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. वाचताना हसू येते खरे. पण आपल्यापैकी ज्यांनी रात्री डोळ्यांवर झोप असताना, शेवटची दोन दशके एका दमात संपवलेली आहेत त्यांनी जपूनच हसावे.

१३ मे १९१७ रोजी कोवा दा इरिया या ठिकाणी त्यांना मातेचे पहिले दर्शन झाले. जगात शांती यावी, युद्ध संपावे म्हणून दररोज जपमाळ म्हणा, असे तिने सांगितले. फ्रान्सिस्कोही स्वर्गात जाईल, पण त्याला पुष्कळ जपमाळा म्हणाव्या लागतील, असेही ती म्हणाली. त्या दिवसापासून दोन शब्दांची जपमाळ बंद झाली. फ्रान्सिस्को खेळ सोडून एकटाच एखाद्या कुंपणाआड माळ घेऊन बसू लागला.

आणि प्रायश्चित्ताचे काय? पापी लोकांच्या मनपरिवर्तनासाठी त्याग करा, हे मुलांच्या मनात खोलवर रुजले. त्यांनी प्रथम आपले दुपारचे जेवण मेंढरांना घातले. पुढे गरीब मुले भेटली तेव्हा ते त्यांना देऊ लागली. एकदा कडक उन्हात तहानेने जीव कासावीस झालेला असताना त्यांनी मागून आणलेले पाणी प्यायले नाही, मेंढरांसाठी ओतून दिले. रस्त्यात सापडलेल्या एका दोराचे तीन तुकडे करून तिघांनी ते कमरेला आवळून बांधले.

इथे जरा थांबू या. हा दोर वाचून आपल्याला वाटते, हे आपले काम नव्हे, हे संतांचे काम. पण पुढे काय झाले ते पाहा. १३ सप्टेंबरच्या दर्शनात मातेने मुलांना सांगितले, की देव तुमच्या त्यागावर प्रसन्न आहे. मात्र दोर बांधून झोपलेले त्याला नको आहे, तो फक्त दिवसा बांधा. किती आईसारखे बोलणे! लेकराची झोप मोडू नये याची काळजी. शरीराची हेळसांड करणे, औषध न घेणे, आजारी माणसाने हट्टाने उपास करणे म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. ख्रिस्तसभेनेही लहान मुले, वृद्ध व आजारी यांना उपवासाच्या नियमातून मोकळे ठेवले आहे. मधुमेह असलेल्या आमच्या काही आजीबाईंना हे दरवर्षी सांगावे लागते म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

मग दररोजचे प्रायश्चित्त म्हणजे नेमके काय? लुसिया पुढे धर्मभगिनी झाली. १९४३ साली तिने एका बिशपांना लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर आहे. आपापल्या वाट्याला आलेले कर्तव्य निष्ठेने पार पाडणे आणि देवाची आज्ञा पाळणे, हेच प्रभूला हवे असलेले प्रायश्चित्त, असा त्या पत्राचा आशय आहे. म्हणजे पहाटे चारला उठून भाजीची टोपली किंवा फुले घेऊन लोकल पकडणारी बाई, रात्रपाळी करून घरी आल्यावरही आजारी वडिलांना आंघोळ घालणारा मुलगा, परीक्षेचा अभ्यास कंटाळा न करता करणारी मुलगी, ही सारी माणसे प्रायश्चित्ताच्या वाटेवर आहेत. फक्त ते करताना कुरकुर न करता ते देवाला अर्पण करायचे एवढेच. 'एवढेच' हा शब्द आम्ही लिहिला खरा, पण कुरकुर न करणे किती अवघड आहे हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

लुसियाच्या स्वतःच्या घरचेच पाहा. कोवा दा इरियाची जमीन तिच्या आईवडिलांची होती. लोकांची गर्दी लोटू लागली आणि तिथली पिके तुडवली गेली. आईचा तर या दर्शनांवर विश्वासच नव्हता. मुलगी खोटे बोलते आहे असे तिला वाटे आणि ती लुसियाला मारतही असे. भूक लागली की आता त्या बाईकडेच माग, असे घरचे टोमणे लुसियाला ऐकावे लागत. कमरेचा दोर तिने स्वतः निवडला होता. हे टोमणे तिने निवडलेले नव्हते. आम्हांला वाटते, दुसरेच अधिक जड होते. आपणही प्रायश्चित्तकाळात चहा सोडतो, मटण सोडतो, कारण ते आपण ठरवलेले असते. सासूचे बोलणे, सुनेचे उत्तर, साहेबाचा अपमान हे आपण ठरवलेले नसते. म्हणून ते सोसवत नाही.

मांसाहाराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. केवळ प्रायश्चित्तकाळच नव्हे, तर वर्षभरातील प्रत्येक शुक्रवार हा ख्रिस्तसभेने प्रायश्चित्ताचा दिवस ठरवलेला आहे. हे आपल्यातील बरेच जण विसरले आहेत. ज्यांना आठवते, ते त्या दिवशी मटण-कोंबडी टाळतात आणि त्याऐवजी पापलेटचे कालवण करतात! नियम मोडला असे कुणी म्हणणार नाही. पण त्या पापलेटच्या पैशांतून एखाद्या गरजू घरी अर्धा किलो डाळ गेली असती, तर फातिमाच्या मुलांनी जेवण गरिबांना दिले त्याच्याशी ते अधिक जुळले असते.

आता पुन्हा जपमाळेकडे वळू. पाच दशकांची जपमाळ म्हणताना आपण ५० वेळा आणि सुरुवातीचे ३ मणी धरून ५३ वेळा 'नमो मारिया' म्हणतो. त्या प्रत्येक प्रार्थनेच्या उत्तरार्धात आपण स्वतःला पापी म्हणवतो. दररोज ५३ वेळा! आणि माळ खिशात ठेवून उठल्यावर घरातल्या कुणी एकदा जरी म्हटले, की 'बाबा, तुमचे त्या दिवशी चुकलेच', तर आपला चेहरा कसा होतो? जे आपण देवाच्या आईसमोर ५३ वेळा कबूल केले, ते बायकोसमोर एकदाही कबूल करवत नाही. जपमाळ आणि प्रायश्चित्त यांची ताटातूट होते ती नेमकी इथे.

पोप पॉल सहावे यांनी १९७४ साली लिहिले होते, की मनन नसेल तर जपमाळ म्हणजे आत्मा नसलेले शरीर होय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १६ ऑक्टोबर २००२ रोजी जपमाळेवरील आपले पत्र प्रसिद्ध केले, प्रकाशाची रहस्ये दिली आणि रहस्याचे नाव घेतल्यावर क्षणभर शांत राहण्याची सूचना केली. आपल्या क्रुसांजवळ ही शांतता फार क्वचित पाळली जाते. पुढारी रहस्य सांगतो न सांगतो तोच लोक 'हे आमच्या बापा'ला हात घालतात. त्या थोड्या शांततेत मनाला एक प्रश्न विचारता येतो. दुःखाच्या पहिल्या रहस्यात प्रभू बागेत पित्याला म्हणतो, माझ्या इच्छेप्रमाणे नको. मी आज कोणत्या गोष्टीत माझाच हट्ट चालवला? आनंदाच्या दुसऱ्या रहस्यात मारिया डोंगराळ भागातून अलिशिबेच्या घरी मदतीला गेली. माझ्या शेजारची म्हातारी आठवडाभर दिसली नाही, मी चौकशी केली का? प्रकाशाच्या तिसऱ्या रहस्यात तर प्रभू स्वतःच मनपरिवर्तनाची हाक देतो (मार्क १:१५). अशी जपमाळ म्हणजे रोजचे आत्मपरीक्षणच होते आणि मग पापनिवेदनाला गेल्यावर काय सांगावे हे आठवत बसावे लागत नाही.

ख्रिस्तसभेने ही दोन्ही एकमेकांशी बांधूनच ठेवली आहेत. मंदिरात किंवा कुटुंबात मिळून मननपूर्वक पाच दशके सलग म्हटली, तर पापाच्या शिक्षेची पूर्ण माफी मिळण्याची सोय आहे. पण त्यासाठी पापनिवेदन, पवित्र कम्युनियन, पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ मनातून सोडणे या अटी आहेत. नुसती माळ पुरेशी नाही.

आता एक कटू गोष्ट. आपल्या धर्मग्रामात असे क्रूस आहेत की जिथे जपमाळेला दोन सख्खे भाऊ येतात आणि दोन टोकांना बसतात. बांधावरून, बावखलावरून, वाटणीवरून, कधी एका भिंतीवरून अबोला. वर्षे झाली. एक अर्धी प्रार्थना म्हणतो, दुसरा उरलेली अर्धी म्हणतो. दोघे मिळून एक 'नमो मारिया' पूर्ण करतात, पण एकमेकांना 'कसा आहेस' एवढे विचारत नाहीत. 'आमच्या अपराधांची क्षमा कर' हे तर दोघेही अगदी एका सुरात म्हणतात. अर्पण वेदीजवळ ठेव आणि आधी भावाशी समेट कर, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४). जमिनीचा न्याय न्यायालय करील, तो हक्क सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण बोलणे सुरू करायला न्यायालयाच्या तारखेची गरज नाही. या महिन्यातला सर्वांत मोठा त्याग आमच्या मते हाच आहे आणि तो उपासापेक्षा जड आहे.

सुरुवात कशी करावी असे काही तरुण कुटुंबे विचारतात. पूर्ण जपमाळेला साधारण वीस मिनिटे लागतात. लहान मुले असतील, कामावरून यायला उशीर होत असेल, तर एका दशकापासून सुरुवात करा. पण ते दशक सगळे मिळून, टीव्ही बंद करून आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून म्हणा. सोमवारी व शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची रहस्ये. फातिमाची दर्शने विश्वासार्ह असल्याचे तेथील बिशपांनी १९३० साली जाहीर केले. तरीही अशी दर्शने म्हणजे नवे शुभवर्तमान नव्हे, त्यांनी आपल्याला शुभवर्तमानाकडेच न्यायचे असते. म्हणून शक्य असेल तर दशकाआधी बायबलमधील त्या रहस्याचा उतारा दोन-चार ओळी वाचा. मुलांनाच वाचायला द्या.

शेवटी फ्रान्सिस्कोबद्दल थोडे. १९१८ च्या साथीच्या तापाने तो अंथरुणाला खिळला. पवित्र कम्युनियन घेण्याआधी त्याला पापनिवेदन करायचे होते. त्याने लुसियाला बोलावून घेतले आणि विचारले, मी कोणती पापे केलेली तू पाहिली आहेस, ती मला सांग. लुसिया म्हणाली, आईने घरी राहा म्हटले तरी तू कधीकधी ऐकले नाहीस. मग त्याने जासिंताला विचारायला लावले. तिने विचार करून निरोप पाठवला, की दर्शनांच्या आधी त्याने एकाचे एक नाणे घेतले होते आणि वाडीतल्या मुलांनी दुसऱ्या गावच्या मुलांवर दगड मारले तेव्हा यानेही मारले होते. ही पापे त्याने आधीच कबूल केलेली होती, तरी तो ती पुन्हा सांगायला तयार झाला. ज्यांनी त्याला रोज जवळून पाहिले होते त्यांनाच त्याने विचारले आणि त्यांचे उत्तर न रागावता ऐकून घेतले. ३ एप्रिल १९१९ रोजी त्याला पवित्र कम्युनियन मिळाले आणि दुसऱ्या दिवशी तो देवाघरी गेला. १३ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी फातिमा येथे त्याला आणि जासिंताला संत म्हणून घोषित केले.