एबीएस काढल्यावर मागचा ब्रेक कोण आवरणार?

जुन्या मोटारीचे एबीएस बिघडले, नवे युनिट परवडत नाही, की गिऱ्हाईक म्हणते, "उस्ताद, काढूनच टाका." अगोदर चाकाजवळचे सेन्सर व त्याची वायर तपासा. पुष्कळदा दिवा तेवढ्यानेच विझतो.

ब्रेक दाबला की वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात. त्यांना पुढच्याइतकाच दाब मिळाला तर ती आधी जाम होतात व गाडी गिरकी घेते. पुढची आधी जाम झाली तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ जाते. ईबीडीच्या अनेक गाड्यांत मागचा दाब आवरण्याचे काम तेच युनिट करते, वेगळा व्हॉल्व्ह नसतोच. म्हणून त्याच मॉडेलच्या बिगर-एबीएस गाडीचा मास्टर सिलिंडर, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह व पाइप असा पुरा संच बसवावा. तसे मॉडेल निघालेच नसेल तर माझ्या मते काम नाकारावे.

पुढची चाके ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या लाइनी तिरप्या असतात. मागच्या दोन्ही लाइनी एकाच फिरवत्या व्हॉल्व्हला जोडल्या तर एक पाइप फुटताच चारही ब्रेक जातात! साधा तांब्याचा पाइपही नको, हादऱ्यांनी तो तडकतो. हवा काढून, मोकळ्या मैदानात, ओल्या जमिनीवर, कमी वेगात चाचणी घ्या. मागचे चाक आधी थांबले तर गाडी देऊ नका.

एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. अशा गाडीला हातच लावू नये. जुन्या गाडीतही फेरफारापूर्वी 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम पाहून, आरटीओत विचारून घ्यावे.