ढकलणं फुकट, ओढणं विकत

छाती, खांदे, पाठ आणि दंड भरावेत म्हणून व्यायाम सुरू करायचा, तर जिम लावायची की घरीच करायचं, हा प्रश्न नंतरचा. आधी एक हिशेब मांडा. कमरेच्या वरचे स्नायू मुख्यतः दोन कामं करतात: ढकलतात आणि ओढतात. ढकलायला जमीन पुरते आणि ती फुकट आहे. ओढायला मात्र काहीतरी लटकायला किंवा उचलायला लागतं. म्हणून खिशातला पहिला रुपया ओढण्याच्या व्यायामावर खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पुष्कळ जण नेमकं उलट करतात. छातीसाठी बेंच आणतात आणि पाठीचा व्यायाम राहूनच जातो.

ढकलण्यासाठी जोर. साध्या जोरात शरीराच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. 66 किलोच्या माणसाला तो 44 किलोच्या आसपास पडतो. तेवढ्या लोखंडाची किंमत काढून बघा. जोर अजिबात निघत नसतील तर ओट्याला किंवा पलंगाच्या कडेला हात टेकून सुरुवात करा. निघायला लागले की पाय पलंगावर, हात जमिनीवर. त्यापुढे पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या: एक लिटर म्हणजे एक किलो. खांद्यांवर भर हवा असेल तर कंबर उंच ठेवून डोकं जमिनीकडे नेणारे जोर काढा. एका दमात तीस सहज निघू लागले की आकडा वाढवत बसू नका, भार वाढवा. स्नायू वाढायला सेटमधले शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. मग ते आठ काढल्यावर जड जावोत की वीस.

आता ओढणं. महापालिकेच्या बागेतल्या खुल्या जिमची रंगीत यंत्रं हालचालीला ठीक आहेत, पण बहुतेकांवर भार आपल्याच वजनाचा असतो आणि तो वाढवायची सोय नसते. त्याच बागेत सिंगल बार आणि डबल बार असतील तर तुमचा निम्मा खर्च वाचला. सिंगल बारवर पुलअप्स, डबल बारवर डिप्स, घरी जोर. कमरेवरचा एकही मोठा स्नायू यातून सुटत नाही.

बाग लांब असेल तर घरी बार बसवावा लागतो. इथे मात्र घाई करू नका. दाराच्या चौकटीत पिळून घट्ट बसवायचा बार साधारण सातशे ते दीड हजारांत मिळतो. चौकट भक्कम, जुन्या सागवानाची असेल तर तो चालतो. आजकालच्या फ्लॅटमधल्या पातळ चौकटीला तो बाक आणतो आणि एखाद्या दिवशी माणसासकट खाली येतो. भिंतीला बोल्टने बसवायचा बार जास्त भरवशाचा. पण भिंत कशाची आहे ते आधी तपासा. नव्या इमारतींत बऱ्याच आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या पोकळसर ब्लॉकच्या असतात. त्यात साधा प्लास्टिकचा प्लग लटकत्या माणसाचं वजन पेलत नाही. काँक्रीटची बीम किंवा कॉलम शोधा आणि अँकर फास्टनरच वापरा. ड्रिलवाल्याचे दोन-तीनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे. जवळ फॅब्रिकेशनचं दुकान असेल तर सव्वा इंची पाइपचा बार त्याच्याकडून वेल्डिंग करून घेता येतो. बाजारच्या बारपेक्षा तो बऱ्याचदा दणकट निघतो.

पुलअप एकही निघत नाही म्हणून बार फुकट गेला असं समजू नका. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्या, पाय सोडा आणि मनात पाच मोजत सावकाश खाली या. असे चार-पाच, एक दिवसाआड. वर चढायची ताकद याच उतरण्यातून येते. दंडाच्या पुढच्या स्नायूलाही यात भरपूर काम मिळतं, त्यामुळे सुरुवातीला त्याच्यासाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही.

डंबेल्स त्यानंतर. प्लेटा बदलता येणारा वीस किलोचा सेट घ्या. सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेटा किलोमागे साधारण साठ ते नव्वद रुपयांना, लोखंडी शंभर ते दीडशेच्या पुढे मिळतात. परवडत असेल तर लोखंडीच घ्या, तेही जुनं चालेल. लोखंड नासत नाही. घेताना आटे आणि क्लॅम्प पाहा, वजन काट्यावर करून घ्या.

जिमची फी तालुक्याच्या गावी महिना पाच-सातशेपासून, पुण्या-मुंबईत हजार ते अडीच हजारांपर्यंत, चकचकीत साखळी जिममध्ये त्याहून जास्त. पर्सनल ट्रेनरचे पैसे वेगळे आणि बऱ्याचदा फीपेक्षा जास्त. तुम्ही ज्या वेळी जाणार त्याच वेळी एकदा बघून या. संध्याकाळी सातला केबलच्या मशीनसमोर रांग असेल तर सकाळी दाखवलेल्या रिकाम्या जिमला अर्थ नाही. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आधी एक महिना, मग तिमाही. परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, बिल तपासा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्याला दहाएक सेट, एवढं पहिल्या वर्षी पुरे.

खाण्याचा खर्च मात्र टळत नाही. स्नायू वाढवणाऱ्याला किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला 96 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एका अंड्यात सहा ग्रॅम, किंमत सात-आठ रुपये. पन्नास ग्रॅम सोया वड्यांत पंचवीसेक ग्रॅम, तेही जवळपास तेवढ्याच पैशांत. व्हे पावडरच्या एका स्कूपमधून तेवढीच प्रथिनं घ्यायला सत्तर ते शंभर रुपये पडतात. डाळ, दूध, दही, शेंगदाणे घरात असतातच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रोटीन पावडर टाळायचाच सल्ला आहे.

आणि तीन महिन्यांत अंग भरून देतो म्हणत कुणी लेबल नसलेला डबा किंवा इंजेक्शन पुढे केलं, तर ते बहुधा स्टेरॉइड असतं. हृदय, यकृत आणि मूल होण्याची क्षमता, या तिन्हींना त्यातून इजा होऊ शकते. त्या जिममध्ये भरलेली फी बुडाली तरी चालेल, पुन्हा पाऊल ठेवू नका.