पाणी मोजायचा धंदा

गावोगावच्या पाणी योजना कितपत फळल्या हे तपासणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यात पोटाचं भागलं. पाण्याचं कोडं मात्र अजून सुटलेलं नाही.

१. काम दिसतं, पाणी दिसत नाही. राज्य सरकारचं जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं, तेव्हा पाच वर्षांत २५,००० गावं टंचाईमुक्त करायची होती. मी चाळलेली दप्तरं चोख होती: किती घनमीटर गाळ काढला, किती बांध घातले, जेसीबीसकट फोटो. मे महिन्यात विहिरीत किती परस पाणी उरलं, हे मात्र शोधावं लागे. या अभियानावर ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढायला फारसा हातभार लागला नाही, असं २०२० मध्ये कॅगनेच म्हटलं.

२. पाऊस हा सगळ्यात दिलदार परीक्षक. तो बरा झाला की सगळ्याच योजना पास. २०१५ च्या दुष्काळानंतर २०१६ मध्ये मराठवाड्यात धुवाधार पाऊस पडला आणि तुडुंब बंधाऱ्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागले. म्हणून आता मी काहीच काम न झालेल्या शेजारच्या गावातही डोकावतो. तिथल्या विहिरीही भरलेल्या दिसल्या की माझ्या अहवालातली विशेषणं आपोआप गळतात.

३. खडक शासन निर्णय वाचत नाही. शिरपूरचं नाला खोलीकरण गाजलं, पण तिथला तापीकाठचा गाळाचा थर सगळीकडे नसतो. बाकी महाराष्ट्र बहुतांशी बेसाल्टवर बसलेला. मांजऱ्या खडक पाणी घेतो, काळा पाषाण नुसता बघत बसतो. विहीर खोदणाऱ्याला हा फरक पहारीच्या पहिल्या घावात कळतो. अंदाजपत्रकाला दोन्ही सारखेच.

४. लाभार्थ्याला भेटून झालं की बांध ओलांडावा. शेततळं म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जागा, ही माझी पुस्तकी समजूत. डिसेंबरात एका बागायतदाराकडे पाहिलं: प्लास्टिक अंथरलेलं तळं, काठावर बोअरचा पाइप, त्यातून पाणी पडतंय. जमिनीतलं पाणी उपसून उन्हात ठेवलेलं! त्यावर त्याची डाळिंबाची बाग तगली, त्याला दोष कोणत्या तोंडाने देऊ? पण पलीकडची विहीर आटली होती, आणि तिचा मालक कुठल्याच यादीत नव्हता.

५. वाचवलेलं पाणी शिल्लक राहतंच असं नाही. ठिबक येतं, पाणी वाचतं आणि त्याच पाण्यावर आणखी दोन एकर ऊस उभा राहतो. काही गावांनी यावर नियमांचा लगाम घातला. हिवरे बाजार गावात ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवते. शेतीसाठी बोअरला बंदी. विलासराव साळुंखेंच्या नायगावच्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणशी होता. भूमिहीनालाही वाटा आणि उसाला मनाई. असे नियम पाळून घेताना किती वाद, किती रुसवेफुगवे झाले असतील! त्यांचं मोजमाप कसं घ्यायचं, हे माझ्या तक्त्याला अजून सुचलेलं नाही.

६. वरिष्ठांना ‘यशस्वी की अयशस्वी’ एवढंच हवं असतं. मी हल्ली उलट विचारतो: कोणासाठी, आणि कोणत्या महिन्यात? त्यामुळे अहवाल लांबतो, बैठक लांबते. हल्ली मला सगळ्यात शेवटी बोलायला देतात, त्याचं कारण बहुधा हेच असावं.