आजचं चिंतन : देश, काळ, पात्र

गीता, अध्याय 17, श्लोक 20. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेलं दान सात्त्विक, असं भगवंत सांगतात.

माझी आजी बारा जणांच्या छोट्या वृद्धाश्रमात आहे. अंथरुणाला खिळलेली, माणसं ओळखत नाही. रविवारी गेलो तेव्हा मावशी तिची कूस बदलत होत्या. आधी पडदा ओढला. "आजी, आता डाव्या कुशीवर हं," असं सांगून मगच हात लावला. तक्त्यावर वेळ लिहिली. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. एकाच कुशीवर पडून राहिलं की रक्तपुरवठा दबतो, जखमा होतात.

पडदा म्हणजे देश, तक्ता म्हणजे काळ, ती हाक म्हणजे पात्राचा मान. पगार मिळतो, खरंय. पण रात्री दोनला कूस बदलली का, हे बघायला कोण असतं? आजी तर आभारही मानू शकत नाही.

मी मात्र फी भरली की सेवा झाली, असं धरून चाललो होतो.

मित्रांनो, आपलं कुणी अशा ठिकाणी असेल तर खोली नंतर बघा. आधी पाठ आणि टाचा बघा, तक्ता वाचा. आणि मावशींचं नाव विचारा. मी सहा महिन्यांत विचारलं नव्हतं.