संगणकावरील मानवाकृति : कृति आणि मर्यादा

मनुष्याची आकृति काढण्याची आवड मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. लहान मूल भिंतीवर कोळशानें चित्रें काढूं लागलें, म्हणजे घर, झाड आणि माणूस हे तीनच विषय त्यास बहुधा सुचतात. आणि त्यांतही माणूस काढणें हेंच सर्वांत कठीण जातें. झाडाची फांदी दोन बोटें इकडे तिकडे सरकली तरी झाड तें झाडच राहतें. परंतु चेहऱ्यावरचा डोळा केसभर हलला, कीं ओळखीचें माणूस परकें होतें. ही कठीण विद्या आज कित्येक हौशी मंडळी कागदाऐवजीं संगणकाच्या पडद्यावर साधूं पाहत आहेत. दिवसाचें काम आटोपल्यावर कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी विद्यार्थी आपल्या घरीं बसून मानवाकृति घडवितो, तिला उभी करतो, वस्त्रें नेसवितो, तिच्यावर प्रकाश पाडतो आणि शेवटीं तिचें चित्र उतरवून घेतो. या नादाची कृति कशी असते, त्यांत यंत्राचें काम किती व मनुष्याचें किती, आणि या कामास मर्यादा कोणत्या, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहूं. संगणकाकडून मनुष्याची आकृति काढविण्याचा आरंभ चित्रकारांनीं केला नाहीं. तो विमानें बांधणाऱ्यांनीं केला. अमेरिकेंतील बोइंग कंपनींत विल्यम फेटर यांनीं सन १९६४ च्या सुमारास वैमानिकाची रेषाकृति संगणकाच्या साहाय्यानें काढविली. वैमानिकाचा हात कोणत्या कळीपर्यंत पोहोंचतो, हें पाहणें एवढाच त्यांतील हेतु होता. पुढें सन १९७२ मध्यें युटा विद्यापीठांत एडविन कॅटमल यांनीं आपल्या डाव्या हाताचा प्लॅस्टरचा ठसा घेतला, त्यावर सुमारें साडेतीनशें लहान बहुकोन आंखले, आणि तो हात पडद्यावर हलवून दाखविला. हौशी मनुष्याच्या हातीं हें साधन येण्यास मात्र सन १९९५ उजाडावें लागलें. त्या वर्षीं लॅरी वाइनबर्ग यांचा ‘पोझर’ हा कार्यक्रम बाजारांत आला. चित्रकार सांध्यांवर वळणारी जी लांकडी बाहुली समोर ठेवतात, तिची जागा संगणकानें घ्यावी, ही त्यामागील कल्पना. सन २००२ मध्यें ‘ब्लेंडर’ या कार्यक्रमासाठीं जगभरच्या चाहत्यांनीं सात आठवड्यांत एक लाख युरोंची वर्गणी जमविली, आणि तो कार्यक्रम सर्वांस विनामूल्य खुला झाला. ‘डॅझ स्टुडिओ’ हाही सन २००५ पासून हौशी लोकांच्या वापरांत आहे. तात्पर्य, एके काळीं मोठमोठ्या संस्थांच्या आवांक्यांत असलेलें साधन आज साध्या घरांत येऊन बसलें आहे.

आतां कृतीकडे वळूं. तिच्या मुख्य पायऱ्या सहा आहेत.

पहिली पायरी संकल्पाची. काय दाखवावयाचें, हें संगणक उघडण्यापूर्वीं ठरवावें, व पेन्सिलीनें लहानसें टांचण काढून ठेवावें. विहिरीवरून घागर घेऊन येणारी स्त्री दाखवावयाची असेल, तर घागर कोणत्या कमरेवर आहे, भार कोणत्या पायावर आहे, वेळ सकाळची कीं तिन्हीसांजेची, हें आधीं मनांत स्पष्ट पाहिजे. पुष्कळ नवशिके ही पायरी गाळतात आणि पडद्यावर जें आपोआप जुळेल त्यालाच चित्र म्हणतात.

दुसरी पायरी शरीराची. संगणकांतील शरीर हें आंतून पोकळ असतें. हजारों लहान चौकोनांची एक जाळी असून तिला शरीराचा आकार दिलेला असतो. तयार आकृतीबरोबर कांहीं सरकपट्ट्या मिळतात. त्या सरकविल्या, कीं नाक लांब होतें, खांदे रुंदावतात, गाल बसतात. येथें प्रमाणाचें ज्ञान उपयोगी पडतें. प्रौढ मनुष्याची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारें साडेसात पट असते. वर्षभराच्या मुलाची अवघी चार पट. म्हणूनच प्रौढ आकृति नुसती लहान केली, कीं तिचें मूल होत नाहीं. ती बुटक्या प्रौढासारखी दिसते. आपल्या प्राचीन शिल्पशास्त्रांत तालमानाचा एवढा विस्तार कां केला आहे, हें अशा वेळीं उमगतें. तसेंच डोळे हे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवशिका ते नेहमीं वर नेतो, कारण त्याला कपाळ दिसतें, पण केसांखालचें डोकें दिसत नाहीं.

तिसरी पायरी ठेवणीची. जाळीच्या आंत एक सांगाडा बसविलेला असतो. त्यांतील प्रत्येक हाडानें जाळीचा कोणता भाग किती ओढावा, याची वांटणी आधींच ठरलेली असते. कोपर वळविलें, कीं भोंवतालची कातडी त्या वांटणीप्रमाणें मागें येते. वांटणी चुकली, तर कोपर दुमडलेल्या नळीसारखें चेंपतें. पण खरी परीक्षा आहे ती तोलाची. मनुष्य एका पायावर भार देऊन उभा राहिला, कीं त्या बाजूचें कंबर वर जातें आणि त्याच बाजूचा खांदा खालीं येतो. गळ्यांतून सोडलेला ओळंबा भार घेणाऱ्या पायाजवळ पडतो. हा नियम मोडला, तर पाहणारास कारण सांगतां येत नाहीं, परंतु आकृति हवेंत लोंबत आहे असें त्यास वाटतें.

चवथी पायरी वस्त्रांची व त्वचेची. कपडे दोन रीतींनीं चढवितात. एका रीतींत कपडा शरीराच्या हाडांसच बांधलेला असतो. दुसरींत कापडाचें वजन, ताठरपणा व घसरण हिशेबांत घेऊन संगणक तें क्षणाक्षणानें खालीं पाडीत नेतो. चुण्या खऱ्या वाटाव्यात असें असेल, तर दुसरीच रीत धरावी. त्वचेसाठीं शरीराची जाळी, संत्र्याची साल काढून सपाट पसरावी तशी, पडद्यावर उलगडतात आणि तिच्यावर रंग भरतात. मात्र मनुष्याची त्वचा भिंतीच्या रंगासारखी नसते. प्रकाश तिच्या आंत थोडा शिरतो, तेथें पसरतो, आणि तांबूस होऊन बाहेर येतो. हाताच्या तळव्यामागें दिवा धरला म्हणजे बोटांच्या कडा लाल कां दिसतात, याचें कारण हेंच. हा धर्म संगणकास सांगितला नाहीं, तर चेहरा मेणाचा किंवा चिनीमातीचा दिसूं लागतो.

पांचवी पायरी प्रकाश व कॅमेरा यांची. मुख्य दिवा एका बाजूस व किंचित् वर, सावल्या हलक्या करणारा मंद दिवा दुसऱ्या बाजूस, आणि केसांची व खांद्यांची कड उजळणारा तिसरा मागून, ही छायाचित्रकारांची जुनी मांडणी येथेंही चालते. कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ आणूं नये. तसें केल्यास नाक फुगतें आणि कान मागें पळतात. दूर जाऊन लांब पल्ल्याचें भिंग वापरावें.

सहावी पायरी चित्र उतरविण्याची. तिला रेंडरिंग म्हणतात. येथें संगणक प्रत्येक ठिपक्यांतून प्रकाशाची वाट उलट दिशेनें शोधीत जातो. किरण कोठें आदळला, कोठें वळला, दिव्यापर्यंत पोहोंचला कीं नाहीं, याचा तो हिशेब करतो. १९२० रुंद व १०८० उंच अशा चित्रांत २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकासाठीं ३०० किरण सोडले, तर ६२ कोटींहून अधिक वाटा शोधाव्या लागतात. किरण कमी पडले, कीं चित्रावर वाळू टाकल्यासारखी रवाळ छटा येते. ती निम्मी करावयाची तर किरण दुप्पट करून भागत नाहीं. चौपट करावे लागतात. म्हणून धीर हा या कलेंत गुणच आहे. चित्र उतरल्यावर ‘गिंप’ किंवा ‘क्रिटा’ यांसारख्या कार्यक्रमांत तें हातानें सुधारतात. केसांच्या बटा, डोळ्यांतील चमक, सावलीचा रंग हीं शेवटलीं कामें येथें होतात.

आतां दुसरा प्रश्न. शरीर तयार मिळतें, कपडे विकत मिळतात, प्रकाशाचा हिशेब यंत्र करतें. मग मनुष्यानें केलें काय? हा आक्षेप पोकळ नाहीं, आणि त्याचें उत्तरही प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. पेणच्या गणेशमूर्तींचें उदाहरण घ्या. एकाच सांच्यांतून कित्येक मूर्ति निघतात. तरी डोळ्यांची आंखणी करावयास हात बसलेला कारागीरच लागतो. मूर्तींत भाव येतो तो तेथें. सांचा सर्वांचा, नजर ज्याची त्याची. संगणकावरील आकृतीचेंही असेंच आहे. जो तयार आकृति, तयार ठेवण आणि तयार प्रकाश एकत्र ठेवून थांबतो, त्यानें दुकानांतील वस्तु मांडल्या, एवढेंच म्हणावें लागेल. जो भार कोणत्या पायावर आहे हें ठरवितो, बोटांची पकड सुधारतो, चेहऱ्याच्या दोन बाजू किंचित् असमान करतो, त्यानें चित्र घडविलें.

असमानतेचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मासाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञानें सन १९७० मध्यें असें प्रतिपादन केलें, कीं कृत्रिम आकृति मनुष्यासारखी होत जाते तसतशी ती आपणांस आवडूं लागते. पण ती जवळजवळ हुबेहूब झाली, कीं उरलेला थोडासा फरकच मनांत शिसारी उत्पन्न करतो. बाहुलीची आपणांस भीति वाटत नाहीं. न श्वसणाऱ्या, न थकणाऱ्या, आरशासारख्या समान चेहऱ्याची वाटते. तेव्हां हुबेहूबपणा हें या कलेचें साध्य नव्हे. जिवंतपणा हें साध्य होय. तो यावयास खरीं माणसें पाहावीं लागतात.

तिसरा प्रश्न मर्यादांचा. माझ्या मतें त्या चार आहेत.

पहिली मर्यादा दुसऱ्याच्या श्रमाची. तयार आकृति विकत घेतली, तरी तिची जाळी दुसऱ्यास वांटण्याचा हक्क त्याबरोबर मिळत नाहीं. तिच्यापासून केलेलें चित्र प्रसिद्ध करण्याची मोकळीक बहुधा असते. परवान्याचा कागद वाचल्याशिवाय काम आरंभूं नये. जुन्या चित्रांची गोष्ट निराळी. भारतांत चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांनीं त्याचें चित्र सर्वांचें होतें. राजा रविवर्मा सन १९०६ मध्यें वारले; त्यांच्या चित्राची मांडणी संगणकावर पुन्हां उभी करण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. मात्र मूळ कोणाचें, हें सांगणें सभ्यपणास धरून आहे.

दुसरी मर्यादा दुसऱ्याच्या चेहऱ्याची. जिवंत मनुष्याचा चेहरा त्याच्या संमतीवांचून आकृतीस चढवूं नये. व्यंगचित्र पाहतांच तें व्यंगचित्र आहे हें कळतें. परंतु छायाचित्रासारखें दिसणारें खोटें चित्र हें एक प्रकारें खोटी साक्ष असतें. वर्गांतील मुलीचा किंवा शिक्षकांचा चेहरा थट्टेनें वापरणाऱ्यास ती थट्टा वाटेल. ज्याचा चेहरा गेला त्याची मात्र अब्रू गेलेली असते, आणि ती परत आणण्याची कळ कोणत्याही यंत्रावर नाहीं.

तिसरी मर्यादा शीलाची. चित्रकलेच्या विद्यार्थ्यास अनावृत शरीराचा अभ्यास करावा लागतो, व त्यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. वैद्यही तोच अभ्यास करतो. प्रश्न वस्त्राचा नसून दृष्टीचा आहे. पाहणाराची नजर मनुष्यावर जावी अशी रचना आहे, कीं मनुष्याची वस्तु करून टाकणारी आहे, हें कर्त्यानें स्वतःस विचारावें. बालकांविषयीं मात्र विचारावयास जागाच नाहीं. त्यांचें अश्लील चित्रण, तें संगणकावर घडविलेलें असलें तरीही, भारतीय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या सन २००८ च्या दुरुस्तीनें आलेल्या ६७-ब या कलमान्वयें गुन्हा आहे; आणि कायदा नसता तरी तें पापच ठरलें असतें.

चवथी मर्यादा सत्याची. सन २०२२ पासून शब्दांवरून चित्र काढणारीं यंत्रें सर्वांच्या हातीं आलीं. तेथें मनुष्य वर्णन लिहितो आणि प्रत्येक अवयवाची जागा यंत्र ठरवितें. आपण वर सांगितलेल्या कृतींत ती जागा मनुष्य ठरवितो. दोन्हींचें फळ दिसावयास सारखें असूं शकतें. म्हणून चित्राखालीं तें कसें केलें हें लिहावें. हातानें काढलेल्याचा मान यंत्रानें उतरविलेल्यास घेऊं देणें म्हणजे दुसऱ्याची उत्तरपत्रिका आपल्या नांवावर खपविणें होय.

विद्यार्थिमित्रांनो, मर्यादा हा शब्द ऐकून कांहींजण कपाळास आठ्या घालतात. परंतु नदीस कांठ नसते, तर तिचें दलदलीचें मैदान झालें असतें. हा नाद ज्यांस लागला असेल, त्यांनीं एक सोपा अभ्यास महिनाभर करून पाहावा. रोज पांच मिनिटें घरांतील एका माणसाचें बसणें, उठणें, वांकणें न्याहाळावें. त्याची परवानगी घेऊन पेन्सिलीच्या दहा रेघांत तें टिपावें. आणि मगच तीच ठेवण संगणकावरील आकृतीस द्यावी. भाकरी थापतांना आईचा कोणता खांदा पुढें येतो, जिना चढतांना आजोबा कठड्यावर किती भार टाकतात, हें कोणत्याही सरकपट्टीवर लिहिलेलें नाहीं. तें पाहावयास शिकलेला विद्यार्थी पुढें चित्रकार झाला नाहीं, तरी माणसांकडे अधिक आदरानें पाहील. आणि मनुष्याची आकृति घडविण्याच्या विद्येचें याहून मोठें फळ दुसरें कोणतें असणार?