एक कनेक्शन, चार कॉम्प्युटर

थर्ड इयरला हॉस्टेल सोडून फ्लॅट घेतला की गॅस, भांडी आणि इंटरनेट या तीन गोष्टींवरून हमखास वाद होतात. पहिल्या दोन्हींवर माझ्याकडे उपाय नाही. तिसऱ्याचं उत्तर मात्र आपल्या नेटवर्क्सच्या सिलॅबसमध्येच आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा राउटरला मराठीत काय म्हणतात ते विचारू नका. राउटरला राउटरच म्हणूया.

१) एका पत्त्यावर चौघं कशी राहतात?

आपल्या हॉस्टेलचा पोस्टाचा पत्ता एकच आहे. रूम नंबर १०१ प्रत्येक हॉस्टेलमध्ये असतो, त्यामुळे पोस्टमनला नुसता रूम नंबर देऊन भागत नाही. पत्र गेटवर येतं आणि तिथून वॉचमनकाका ते रूमवर पोचवतात. राउटर हेच करतो. घरातल्या कॉम्प्युटर्सना तो १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी नंबर देतो. असेच नंबर लाखो घरांत असतात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर तो स्वतःचा पत्ता घालतो आणि कोणत्या पोर्टवरून कोणाचं पॅकेट गेलं याची नोंद ठेवतो. उत्तर आलं की नोंद बघून ज्याचं त्याला देतो. या पद्धतीला नॅट म्हणतात. ३२ बिटांत साधारण ४२९ कोटीच पत्ते बसतात, ते जगाला पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये ती मांडली गेली.

१९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये कनेक्शन वाटून घ्यायची सोय होती, पण त्यासाठी एक कॉम्प्युटर सतत चालू ठेवावा लागे. आता ते काम राउटरवर सोपवता येतं.

२) वेग कुठे जातो?

४० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठाने भागा, सेकंदाला ५ मेगाबाइट आले. एक हजार मेगाबाइटची फाइल एकट्याला २०० सेकंदांत मिळेल. चौघं एकदम उतरवायला बसले तर प्रत्येकाला सुमारे १३ मिनिटं.

पण खरा घोटाळा अपलोडमध्ये असतो. डाउनलोड करतानाही आपला कॉम्प्युटर ‘मिळालं’ अशा छोट्या पावत्या परत पाठवत असतो. कोणी गॅदरिंगचे व्हिडिओ अपलोडला लावले, की या पावत्या त्यामागे रांगेत अडकतात. पावती मिळाली नाही की पलीकडचा सर्व्हर हात आखडता घेतो. मग ज्याची प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट चालू असते, त्याला वाटतं की लाइनच गेली. मोठा प्लॅन घेण्याआधी राउटरमधल्या बँडविड्थ कंट्रोलमध्ये जाऊन प्रत्येकाच्या अपलोडला मर्यादा घाला. टेस्ट असेल त्याला वाय-फायऐवजी केबल द्या.

३) दुसरा राउटर जोडताना

आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून कोणीतरी घरून जुना राउटर आणतो आणि सगळंच बंद पडतं. कारण दोघेही नंबर वाटत बसतात. जुन्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ सारखा मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण मोकळा नंबर द्या आणि केबल लॅनमधून लॅनमध्ये जोडा, वॅनमध्ये नको.

४) नाव एकाचं

हा मुद्दा सरांनीही वाचावा. नॅटमुळे बाहेरून आपण चौघं एकच दिसतो. तपास झाला तर तो ज्याच्या नावावर बिल येतं त्याच्याकडे येणार. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या वेळी आलेल्या ईमेलचा माग पोलिसांनी काढला, तो नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घराच्या वाय-फायपर्यंत पोचला. त्या वाय-फायला कुलूप नव्हतं आणि ते दुसऱ्यानेच वापरलं होतं. पण चौकशीला आधी सामोरं जावं लागलं ते घरातल्या माणसाला.

म्हणून डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा, डब्ल्यूपीएस बंद करा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क ठेवा आणि एखादा पार्टनर फ्लॅट सोडून गेला की पासवर्ड बदला. त्यात रागवण्यासारखं काही नाही, किल्ली परत घेतोच की आपण! राउटरचा ॲडमिन पासवर्ड मात्र ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्याकडेच राहू द्या. बिल चौघांत वाटता येतं, जबाबदारी वाटता येत नाही.

शंका असतील तर लायब्ररीत भेटा. सबमिशनचा आठवडा सोडून!